तीन वैद्य आणि एक चोर

नव्या साहेबांनी जेवणाच्या टेबलावर एक रंगीत खोका ठेवला आणि म्हणाले, "शनिवारी अर्धा दिवस संपला की थोडं थांबाल का सगळे? एक खेळ खेळू."

चौघांनीही डब्यात माना घातल्या. 'हो' कुणी म्हटलं नाही आणि 'नाही' म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

ती दातांची लॅब होती. दवाखान्यांकडून रुग्णांच्या जबड्यांची मापं यायची आणि ही चार माणसं त्यांवरून दात बनवायची. काका मापात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढायचे. त्या साच्यावर वहिनी मेणाचा दात घडवायच्या. तापवलेल्या बारीक सुरीनं एकेक थेंब चढवत, खरवडत. मेणाचा दात धातूत ओतून आला की कलाकार त्यावर ब्रशनं पोर्सेलीनचे थर द्यायचा आणि भट्टीत भाजायचा. तो सगळ्यांत लहान, तिशीतला. रंग जुळवताना डोळे बारीक करून खिडकीशी उभा राहायचा म्हणून कलाकार. आणि ताई तयार दात डब्यांत भरून पाठवायच्या, आणि दात नीट बसला नाही की दवाखान्यांची बोलणीही त्याच खायच्या. वहिनी म्हणजे कुणा एकाची वहिनी नव्हत्या. काकांनी पहिल्या दिवशी तशी हाक मारली आणि ती चिकटली.

मालक कधी फिरकायचे नाहीत, लॅब साहेबच बघायचे. जुने साहेब निरोप न घेताच गेले होते. त्यानंतर काही दिवसांनी वायरमन येऊन कोपऱ्यातल्या भिंतीत जाड वायर टाकून गेला. कशासाठी विचारलं तर म्हणाला, "मोठं मशीन येतंय ना." कसलं मशीन, ते कलाकारानं सांगितलं. जबड्याचा फोटो काढतं आणि ठोकळ्यातून थेट दात कोरतं. वहिनींनी विचारलं, "आणि मेण?" तो म्हणाला, "मेण लागत नाही." मग त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

अशा दिवसांत नवे साहेब खेळ घेऊन आले होते. चाळिशीतला, बारीक आवाजाचा माणूस. केबिनमध्ये एकटाच जेवायचा आणि जेवताना दार उघडं ठेवायचा.

"गोष्टीचा खेळ आहे," ते समजावू लागले. "गोष्ट मी सांगणार, त्यातली माणसं तुम्ही व्हायचं. काय करता ते सांगायचं. जमलं की नाही ते हा फासा ठरवतो." फाशाला वीस बाजू होत्या. "आधी फक्त प्रत्येकानं आपापला पेशा निवडायचा. योद्धा, वैद्य, मांत्रिक, चोर. घाई नाही, शनिवारपर्यंत विचार करा." आणि खोका बंद करताना सहज म्हणावं तसं ते बोलून गेले, "कोण काय निवडतं, त्यावरून माणूस पटकन कळतो."

ते केबिनमध्ये गेले. काकांनी डब्याचं झाकण लावलं, पण उठले नाहीत.

"ऐकलंत?" ते हळूच म्हणाले. "माणूस कळतो म्हणे."

"कळून काय करायचंय त्यांना?" ताईंनी विचारलं.

कोपऱ्यातली जाड वायर सगळ्यांनाच दिसत होती.

त्या संध्याकाळी वहिनींनी घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. नवरा लांबच्या गाडीवर होता. आठवड्याचे बरेच दिवस घरात या दोघीच. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यामुळे कुणाच्याही सरळ वाक्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

"खेळबिळ काही नाही," त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "साहेब पगार देऊन खेळायला बसवतो का कधी? कुठंतरी पाणी मुरतंय."

"मग काय घेऊ मी?"

"वैद्य घे. वैद्याला कुणी काढत नाही. लढणारा डोक्यावर बसेल म्हणून नको असतो, मंत्रवाला शहाणपणा करील म्हणून. औषध देणारा सगळ्यांना लागतो."

वहिनींना पटलं. त्यांनी मनात वाक्यसुद्धा तयार केलं: मला आपली सेवा आवडते, मी वैद्य.

शनिवारी काम आटोपल्यावर साहेबांनी टेबल पुसून मधोमध नकाशा पसरला. प्रत्येकाला कोरा कागद आणि पेन्सिल दिली. कलाकार आधीच येऊन नियमांचं पुस्तक चाळत बसला होता.

"नुसतं आवडतं म्हणून घेऊ नका," साहेब म्हणाले, "आणि नुसतं टोळीला हवंय म्हणूनही घेऊ नका. दोन्हीचा मेळ बसला पाहिजे. तुम्ही चौघं मिळून एक टोळी आहात. एक पुढे उभा राहणारा हवा, एक जखमा बांधणारा, एक लांबून मदत करणारा, एक कुलपं उघडणारा. सगळे एकाच कामात हुशार असले, तर टोळी पहिल्याच नाक्यावर आडवी होते. काका, तुमच्यापासून सुरू करू?"

काकांनी हातावरचं वाळलेलं प्लास्टर नखानं काढलं. "पुढे उभा राहतो तोच आधी पडतो, साहेब. मी आपला वैद्य. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

"मलाही वैद्यच लिहा," ताई म्हणाल्या.

वहिनींचं तयार वाक्य घशातच राहिलं. "माझंही तेच," एवढंच त्या म्हणाल्या.

साहेबांची पेन्सिल थांबली. "तिघंही?"

"दातांच्या लॅबमधली माणसं आम्ही," काका म्हणाले. "दवापाण्याशीच संबंध."

साहेबांनी आशेनं कलाकाराकडे पाहिलं. पुस्तकातून मान वर न करता तो म्हणाला, "मी चोर."

मग त्यानं पान उलटलं.

"भिंती चढायच्या, कुलपं उघडायची, अंधारात कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. चोरच."

वहिनींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नव्या साहेबांसमोर, अशा दिवसांत, कोण स्वतःच्या तोंडानं चोर म्हणवून घेईल? ज्याला कशाची फिकीर नाही असाच.

गोष्ट सुरू झाली. टोळी एका पुलाशी आली आणि पुलावर लांडगा उभा होता.

"काय करता?" साहेबांनी विचारलं.

तिन्ही वैद्य एकमेकांकडे बघू लागले. शेवटी काका म्हणाले, "त्याला कुठं लागलंय का ते बघतो."

"लागलेलं नाही. तो गुरगुरतोय. दात दाखवतोय."

"दाढ दुखत असेल," ताई गंभीरपणे म्हणाल्या.

कलाकार खो खो हसला. बाकी कुणी हसलं नाही, कारण ताई विनोद करत नव्हत्या. चुकीचं काही बोलायचं नाही, एवढंच त्यांनी घरून ठरवून आणलं होतं. चोर पुलाखालून लोंबकळत पलीकडे गेला. तिन्ही वैद्यांना लांडग्यानं फाडलं आणि ते आळीपाळीनं एकमेकांना पट्ट्या बांधत राहिले. फासा पडत होता, पण खेळात जीव नव्हता. साहेबांचा आवाज आणखी बारीक झाला.

"असू द्या," नकाशा गुंडाळताना ते म्हणाले. "पुढच्या शनिवारपर्यंत बघा. कुणाला तरी बदलावं लागेल."

त्यांना पेशा बदलायला हवा असं म्हणायचं असावं. पण जिना उतरताना तिघांच्याही डोक्यात ते वाक्य वेगळ्याच अर्थानं घुमत होतं.

पुढचा आठवडा वाईट गेला. इतकी वर्षं एका टेबलावर डबे उघडणारी माणसं आता घाईघाईनं चार घास गिळून आपापल्या जागी परतू लागली. काकांनी वहिनींना प्लास्टरच्या खोलीत बोलावलं, साचे हलवणारं यंत्र मुद्दाम चालू केलं आणि त्या घरघरीच्या आडून म्हणाले, "कलाकार मालकांचा माणूस आहे. खात्रीनं सांगतो. नाहीतर एवढा बिनधास्त कसा? आणि हल्ली मागच्या जिन्यात जाऊन फोनवर बोलतो. आपण दिसलो की आवाज बंद."

दुपारी ताई डबे मोजण्याच्या निमित्तानं वहिनींच्या टेबलाशी रेंगाळल्या. "काका दोनदा केबिनमध्ये जाऊन आले," त्या पुटपुटल्या. "गुडघ्यासाठी रजा मागायला गेलो म्हणतात. रजा मागायला दार लावावं लागतं का?"

वहिनींनी मान डोलावली आणि दिव्यावर सुरी धरली. मेणाचा थेंब नको तिथं पडला. या दोघांनी मला इतरांबद्दल सांगितलं, तर दोघं मिळून माझ्याबद्दल काय बोलत असतील, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं. मग त्यांनी स्वतःकडेच पाहिलं. आज सकाळी साहेबांचा रुमाल पडला तेव्हा आपणच सगळ्यांत आधी वाकलो होतो. ते कुणी पाहिलं असेल तर?

घरी गेल्यावर त्यांनी नियमांचं पुस्तक बाहेर काढलं. साहेबांकडून ते मागून आणताना केबिनचं दार त्यांनी आठवणीनं सताड उघडं ठेवलं होतं.

"सगळेच वैद्य झालो ना आम्ही," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "तुमची युक्ती सगळ्यांच्याच डोक्यात आली."

"आणि तो चोर?"

"काका म्हणतात मालकांचा माणूस आहे."

सासूबाईंनी चष्मा पुसला. "ज्याला भीती नाही, तो एक तर मालकाचा नातलग असतो, नाहीतर त्याची दुसरीकडे सोय लागलेली असते. यातला कोणता ते तू बघ." मग त्या पुस्तकावर वाकल्या. "हे काय सगळं बारीक अक्षरात?"

"मंत्र आहेत. मांत्रिकाचे. आग लावायचा, अदृश्य व्हायचा, समोरच्याला खरं बोलायला लावायचा…"

"थांब. शेवटचा काय म्हणालीस?"

"खरं बोलायला लावायचा. एक प्रश्न विचारायचा आणि समोरच्यानं त्याचं खरंच उत्तर द्यायचं. फासा मोठा पडला तर."

सासूबाई सरळ बसल्या. "मग वैद्य कशाला होतेस, बाई? उत्तर देणार कोण? गोष्ट सांगणाराच ना?"

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. साहेबांशी समोरासमोर बोलायची त्यांची टाप नव्हती. पण गोष्टीतल्या मांत्रिकानं गोष्टीतल्या कुणाला काही विचारलं, तर त्यावर कोण कशाला रागावेल?

"आणि ऐक," सासूबाई म्हणाल्या. "माणूस काय बोलतो ते सोड. बोलताना कुठं अडतो, ते ऐक."

दुसऱ्या शनिवारी काका योद्धा झाले होते. साहेबांनी फारच गळ घातली म्हणून. पण "मागे उभा राहणारा योद्धा", अशी अट घालून. ताई वैद्यच राहिल्या. वहिनी म्हणाल्या, "मी मांत्रिक."

"छान. काही खास कारण?"

"मंत्र आवडले," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या कागदावरचा एकुलता एक मंत्र कलाकारानं वाचला आणि भुवया उंचावल्या.

या वेळी खेळ बरा चालला. जंगलात काकांच्या योद्ध्यानं मागे उभं राहूनसुद्धा दोन दरोडेखोर लोळवले आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. ताईंनी पट्टी बांधली. चोरानं एक पेटी उघडली. टोळी किल्ल्याशी पोचली. दारात एक म्हातारा द्वारपाल होता. साहेब त्याच्यासाठी आवाज घोगरा करून बोलत होते.

"आलात का? किल्ल्यात तुमचं स्वागत आहे. सगळे या आत."

वहिनींनी पेन्सिल खाली ठेवली. "मी मंत्र टाकते," त्या म्हणाल्या. "खरं बोलायला लावणारा."

"कुणावर? या म्हाताऱ्यावर?"

"हो."

"टाका फासा."

फासा नकाशावरून गडगडत काकांच्या चष्म्याच्या डबीला आपटून थांबला. एकोणीस.

"मोठा आकडा," साहेब हसले. "आता खरं सांगणं भाग आहे त्याला. विचारा."

"आम्ही चौघंही आत राहणार का?"

साहेबांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्यातला अर्थ गेला. त्यांनी फाशाकडे पाहिलं. काका नखं खरवडायचे थांबले. खालच्या रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं, तो आवाज संपेपर्यंत साहेब गप्प होते.

"या किल्ल्यात…" त्यांनी घोगऱ्या आवाजात सुरुवात केली. मग घसा साफ केला आणि स्वतःच्या आवाजात म्हणाले, "नाही. तिघं."

साहेबांनी फासा बाजूला सारला.

"मालकांनी महिनाअखेरपर्यंत एक नाव मागितलंय. मशीन आलं की एक माणूस जास्त होतो म्हणाले. इथं येण्याआधीच सांगितलं होतं त्यांनी."

"म्हणजे ही परीक्षाच होती," काका म्हणाले.

"नाही." साहेब अडले. "पूर्ण नाही. मी तुम्हाला कुणाला ओळखत नव्हतो. न ओळखता नाव द्यायचं जिवावर आलं. वाटलं, चार शनिवार एकत्र बसलो तर निदान…"

"तर निदान ओळखीच्या माणसाला काढता येईल," ताई म्हणाल्या.

इतक्या दिवसांत ताई पहिल्यांदाच ठरवून न आणलेलं काही बोलल्या होत्या. साहेबांनी मान खाली घातली.

वहिनींची नजर मात्र साहेबांवर नव्हती. "तुला धक्का नाही बसला," त्या कलाकाराला म्हणाल्या.

"कशाचा?"

"एक माणूस जाणार, याचा. आम्ही तिघं भ्यायलो म्हणून वैद्य झालो. तू भ्यायला नव्हतास. का?"

"मी सांगतो का ते," काका म्हणाले. "हा मालकांचा—"

"मालकांचा माणूस?" कलाकारानं काकांकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला. "काका, चार वर्षं तुमच्या शेजारी बसून जेवतोय मी."

"मग जिन्यात जाऊन कुणाशी बोलतोस?"

तो थोडा वेळ फासा बोटांत फिरवत राहिला. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक मोठी लॅब होती. तिथून त्याला बोलावणं आलं होतं. काम पसंत होतं, पण पक्कं कळवलं नव्हतं. "इथं बोललो असतो आणि तिथं झालं नसतं, तर मी दोन्हीकडून गेलो असतो. म्हणून गप्प राहिलो."

"आणि आम्ही?" काकांचा आवाज चढला. "आम्ही इथं एकमेकांच्या पाठीमागे डोळे लावून बसलो. तुला एक शब्द सांगता आला नाही?"

"कुणाला सांगणार होतो? तुम्हीच यंत्र चालू करून बोलत होता, काका. बाहेर सगळं ऐकू येतं. यंत्र चालू असलं की माणूस उलट मोठ्यानं बोलतो."

काका गोरेमोरे झाले. वहिनींनी ओठ आवळून हसू दाबलं. काय करणार, आलं.

"मग चोर का झालास?" त्यांनी विचारलं.

"आवडला म्हणून. पुस्तक वाचलं, सगळ्यांत मजा चोराची होती. त्यात काही नव्हतं हो, वहिनी."

वहिनींनी थोडा विचार केला. आवडलं म्हणून निवडायची चैन याला परवडली, ती खिशात दुसरी नोकरी होती म्हणूनच. पण त्या ते बोलल्या नाहीत. त्या दिवशी पुढे खेळ झाला नाही. टोळी किल्ल्याच्या दारातच राहिली.

पुढच्या आठवड्यात कलाकाराला दुसऱ्या लॅबचं पक्कं कळलं आणि त्यानं राजीनामा दिला. "सुंठीवाचून खोकला गेला," काका म्हणाले. पण त्याच्या शेवटच्या दिवशी त्याला जिन्यापर्यंत सोडायला तेच गेले, आणि परत आल्यावर बराच वेळ नाक शिंकरत होते. प्लास्टरची धूळ, म्हणाले.

मशीन आलं. साहेबांनी वहिनींना बोलावून कलाकाराचे ब्रश त्यांच्यासमोर ठेवले. "मेणाचं काम आता कमी होईल. रंगाचं शिकाल का? तुमचा हात बसलेला आहे."

वहिनींनी ब्रश उचलले. मग दाराशी जाऊन थांबल्या. आता फासा नव्हता आणि मंत्रही नव्हता.

"साहेब, तो गेला नसता तर कुणाचं नाव देणार होता?"

साहेब टेबलावरचे कागद सारखे करू लागले. एकदा सारखे झालेले पुन्हा सारखे केले. "ठरवलं नव्हतं मी," ते म्हणाले.

वहिनींना उत्तर मिळालं. त्यांनी मान हलवली आणि जागेवर येऊन बसल्या. केबिनमध्ये बसलेल्या या माणसानं आपलं नाव मनात लिहिलं होतं आणि तरीही खरं विचारल्यावर 'तिघं' म्हणून सांगितलं होतं. त्याच्यावर चिडावं की नाही, ते त्यांना ठरवता येईना. साहेबांनी आणून दिलेला चहा त्या दिवशी त्यांनी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी घेतला.

तीन आठवड्यांनी ताईंच्या फोनवर कलाकाराचा निरोप आला. शनिवारी त्यालाही अर्धाच दिवस असतो. टोळीत चोर नसेल तर किल्ल्याची कुलपं कोण उघडणार, असं त्यानं विचारलं होतं. येऊ का?

"येऊ दे की," काका म्हणाले. साहेबांनी मान डोलावली आणि ते नकाशा आणायला उठले. टेबलाभोवती आता त्यांचीही खुर्ची असायची.

शनिवारी दुपारी मात्र वहिनींना दिसलं की काका ओल्या साच्यांवर चादर पसरत आहेत. एवढंच नव्हे, ताईंनी दवाखान्यांची नावं लिहिलेले डबे भिंतीकडे तोंड करून फिरवले होते.

"हे काय?" वहिनींनी विचारलं.

"आता तो तिकडचा माणूस आहे," काका कुजबुजले. "नवं मशीन कसं चालतं, कुठला दवाखाना आपल्याकडे काम देतो, सहज बघून जाईल. चांगला आहे पोरगा, मी वाईट म्हणत नाही. पण बघून जाईल."

वहिनी हसल्या. मग आपल्या टेबलाशी जाऊन त्यांनी स्वतः रंगवलेले पहिले दोन दात ट्रेसहित खणात सरकवले. त्यांची छटा जरा पिवळट आली होती.

कलाकार वर आला. नवा शर्ट, हातात तेच चुरगळलेलं नियमांचं पुस्तक, जाताना साहेबांकडून मागून नेलेलं. चादरीकडे, डब्यांकडे, वहिनींच्या रिकाम्या टेबलाकडे त्यानं एकेक नजर टाकली.

"माझ्यापासून झाकलंय?"

"छे," काका म्हणाले. "हल्ली धूळ फार येते."

"हो का," म्हणत त्यानं खुर्ची ओढली आणि काकांना दिसणार नाही असा आपला कागद हाताआड धरून लिहायला सुरुवात केली.